भरती पाहून रविवार मागा

पनवेलहून एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय. त्यातला गाभा एवढा: वय 39, तळोज्याच्या कारखान्यात पाळीची नोकरी, बायको बँकेत, मुलगी चौथीत, मुलगा पहिलीत, घरात मधुमेहाने थकलेली आई. मूळ गाव रेवदंड्याजवळ. गळ टाकायला वडिलांनी शिकवलं. 'लग्नाआधी आठवड्यातून दोनदा खाडीवर असायचो. आता दोन-दोन महिने गरीला पाणी लागत नाही. रविवारी निघालो की तोंडं फुगतात, परत आलो की भांडण. आईसुद्धा सुनेची बाजू घेते. म्हणते, बापाच्याच वळणावर गेलास. मागच्या खेपेला तासाभरात येतो म्हणून उरणजवळ करंजाला गेलो. तांबोशी लागायला लागल्या आणि उशीर झाला. नेमकं त्याच दिवशी मेव्हणीकडे बारसं होतं. दोन दिवस अबोला. मला दारू नाही, पत्ते नाहीत, हा एवढाच नाद. तोही सोडू का? की बायकोला पटवायचा काही मार्ग आहे?'

भाऊ,

नाद सोडू नका. पण बायकोला पटवायचंही सोडा. तुमचं पत्र दोनदा वाचलं. गरी कुठल्या नंबरची, गळाची नायलॉन दोरी, म्हणजे तंगूस, किती जाडीचा, कुठल्या दगडावरून कधी काय लागलं, सगळं त्यात आहे. तुमच्या बायकोला काय आवडतं, ती मोकळी असली तर काय करते, याबद्दल एक ओळ नाही. बँकेतून येते, स्वयंपाक करते, चिडते, एवढीच ती पत्रात दिसते. तुम्ही वाईट आहात असं मला म्हणायचं नाही. पण ज्या घरात एकाच्या छंदावर रोज चर्चा होते आणि दुसऱ्याचा छंद कुणाला ठाऊकच नसतो, तिथे पहिला कितीही गोड बोलला तरी तोंडं फुगणारच.

आणि 'तासाभरात येतो' हे वाक्य. तासाभरात कुणी मासे धरून घरी येतं का? पनवेलहून करंजा गाठायलाच तास जातो. तुम्हाला हे निघतानाच माहीत असतं, तिलाही माहीत असतं, तरी तुम्ही तासच सांगता, कारण चार तास म्हणायची हिंमत होत नाही. मग ती बारशाची साडी नेसून, मुलांना तयार करून बसते आणि तुमचा फोन लागत नाही. तुम्ही खोटं बोलून गेलात, याचा तो राग आहे. तांबोशीचा काही दोष नाही त्यात.

आता कामाचं बोलू. माझं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणारे पुरुष मी लहानपणापासून पाहिलेत. त्यात दोन जाती असतात. एक जातो तो पाणी बघून जातो, दोन-अडीच तासांत गुंडाळतो आणि न्याहारीला घरात असतो. दुसरा सुट्टी आहे म्हणून जातो, पडलेल्या पाण्यात गळ टाकून बसतो, पाणी चढायची वाट बघतो आणि मासा लागायची वेळ येते तेव्हा घरून फोन येतो. मग तो उठत नाही. तुमच्या पत्रावरून तुम्ही दुसऱ्या जातीतले वाटता. सकाळी आठला निघालो, दुपारी तीनला आलो, मासे लागले ते बारानंतर, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे सात तासांतले पहिले चार तास प्रवासात आणि खाडीकडे बघत बसण्यात गेले. शांत वाटलं असेल, नाही म्हणत नाही. पण हे चार तास तुम्ही घरातून उचललेत, आणि भांडण त्यांचंच आहे.

रेवदंड्याच्या माणसाला मी भरती शिकवावी असं नाही, तरी उजळणी करते. शहरात राहून माणसं हे विसरतात आणि रविवार रिकामा दिसला की निघतात. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असेलच. तिथी बघा, शुद्ध असो की वद्य, आणि तिला पाऊणने गुणा. येईल ती मुंबईच्या आसपासची भरतीची वेळ, सकाळची आणि संध्याकाळचीही. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पुनवेला-अवसेला सव्वाअकरा ते बारा. रोज साधारण पाऊण तासाने वेळ पुढे सरकते, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दक्षिणेला रेवदंडा-मुरूडकडे भरती थोडी आधी येते, खाडीत आत पनवेलच्या बाजूला शिरलात तर उशिरा. निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर नेमकी वेळ पाहून घ्या. पण महिनाभराचा बेत आखायला पाऊणकीचा हिशोब पुरतो.

आता गंमत बघा. नवमी ते द्वादशी या चार तिथींना सकाळची भरती पावणेसात ते नऊच्या दरम्यान पूर्ण होते. म्हणजे पहाटे साडेपाच-सहाला जागेवर असलात तर चढतं पाणी तुमच्या हातात, आणि भरतीला आवरलंत तर साडेनऊ-दहाला तुम्ही पनवेलमध्ये. घर तेव्हा चहाच्या दुसऱ्या कपावर असतं. या तिथी भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याच्या, किंवा भांगाला लागून असतात. पुनव-अवसेच्या उधाणासारखं पाणी रों रों करत नाही, गढूळही कमी असतं. गळ बुडवायला जड शिसं लावावं लागत नाही. महिन्यात अशा चार-चार दिवसांच्या दोन खिडक्या मिळतात. त्यात रविवार सापडतो साधारण महिन्यातून एकदा, कधी दोनदा, कधी एकदाही नाही.

तेवढा रविवार मागा. सगळे नकोत, 'बघू जमलं तर' नको. महिन्याच्या पहिल्या तारखेला कॅलेंडर खाली काढा, बायको शेजारी असताना, आणि तिथीवर गोल करा. करताना तारखेशेजारी घरी परत यायची वेळ लिहा. निघायची नाही, यायची. साडेनऊ जमणार असेल तर दहा लिहा आणि साडेनऊला या. मासे लागत असले तरी उठा. हे कठीण आहे. चढत्या पाण्यात एकामागून एक ठोके बसत असताना गळ गुंडाळायला मन होत नाही. पण तीन-चार वेळा तुम्ही लिहिलेल्या वेळी दारात दिसलात की पाचव्या वेळी तुमच्या जाण्याचा विषयच निघणार नाही. मी हे बघितलंय. घरातल्यांना तुमच्या जाण्याचा त्रास कमी आणि कधी येणार ते ठाऊक नसण्याचा जास्त असतो. त्या एका गोष्टीवर अख्खा रविवार लटकतो: जेवायला थांबायचं का, बाजारात जायचं का, आईंना डॉक्टरकडे कोण नेणार.

त्याच वेळी दुसरा गोल तिला करायला सांगा. तुमच्याइतक्याच तासांचा, तिचा. त्या वेळात मुलं, आई, गॅस, दार सगळं तुमच्याकडे. ती मैत्रिणीकडे जाईल, झोपेल, किंवा पार्लरमध्ये बसेल. काय करणार ते विचारू नका. पहिल्यांदा ती म्हणेल, 'मला कुठे जायचंय?' बहुतेक बायका हेच म्हणतात, कारण इतक्या वर्षांत तो प्रश्न कुणी विचारलेला नसतो. तुम्ही गोल करून ठेवा. आणि त्या वेळात 'मीठ कुठे आहे' म्हणून फोन करू नका, शोधा.

एकादशीचा एक पेच राहतो, कारण ती नेमकी आपल्या खिडकीत येते. आईंचा उपास असेल, त्या दिवशी घरात मासा नको असेल, तर वाद घालू नका. जिताड्यासारखा मासा मिळाला तर शेजारी द्या. शेजाऱ्यांची दुवा मिळेल आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी तुमच्या बाजूने बोलेल. लहान असला तर पाण्यात सोडा. दशमी-द्वादशी मोकळ्या आहेतच.

आता तुमच्या पाळ्या. इथे तुम्ही खजिन्यावर बसून भीक मागताय असं मला वाटलं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तुम्ही दुपारी दोनपर्यंत घरात असता. बायको नऊला बँकेत जाते, मुलं शाळेत. पत्रात तुम्हीच लिहिलंय की नऊपर्यंत झोपतो आणि मग मोबाइल बघत बसतो. त्या आठवड्यात त्रयोदशी ते अमावस्या किंवा पौर्णिमा आली की सकाळी पावणेदहा ते बाराच्या दरम्यान भरती असते. ते उधाणाचं पाणी, ओढ जास्त, शिसं जड लागेल, पण चढतं पाणी नऊपासून मिळतं. एखादा दिवस आईंचा नाश्ता, गोळी, इन्सुलिन उरकून, शेजारणीला सांगून जा. लांब करंजाला नको, तुमच्या बाजूची खाडी बघा. बाराच्या आत घरी, कारण मुलं येतील. हे तास तुम्ही कुणाकडून काढून घेत नाही. फक्त उरलेल्या सकाळी बिलं भरा, दळण टाका, गॅसवाल्याची वाट बघा. तुमच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात घराचं काम हलकं होतंय असं तिला दिसलं, तर त्या आठवड्यातली तुमची एक सकाळ कुणी मोजणार नाही.

पहिल्या पाळीनंतरच्या संध्याकाळीही मासे लागतात, अष्टमीच्या आसपास सहाला भरती असते. पण ती वेळ मुलांच्या गृहपाठाची. त्यात हात घालू नका. आणि रात्रपाळी करून थेट खाडीवर कधीच नको. झोपेने तारवटलेला माणूस, शेवाळलेला खडक आणि चढतं पाणी यातून फक्त वाईट बातमी येते. पावसाळ्यात तर खडकावर जाण्याचं नावच काढू नका. भरती मागून वळसा घालते आणि परतीची वाट बुडते, हे तुम्हाला सांगायला नको. जून-जुलैत यांत्रिक बोटींनाही मासेमारीची बंदी असते, माशांचा विणीचा काळ म्हणून. तुम्हीही ते दोन महिने गळ वर ठेवा. पहिल्या पावसात वलगणीचे, म्हणजे अंडी घालायला निघालेले, मासे शेतात चढतात, तेव्हा हात शिवशिवतात, ठाऊक आहे मला. पण त्यांच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, असते. ते रविवार घरचे. हे मे महिन्यातच सांगून टाका, म्हणजे त्याचं मोल होईल. ऑगस्टमध्ये सांगून कोण विचारतं?

घरात मासेमारीचा जो पसारा होतो त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून मी ओळखून लिहिते. फ्रीजरमध्ये मुलांच्या आइस्क्रीमशेजारी चाऱ्याची कोळंबी असते. असते ना? गाडीच्या डिकीला वास येतो. रॉड बेडरूमच्या दारामागे उभा असतो आणि झाडू मारताना अंगावर पडतो. आणि मासे आणलेत की ते सिंकमध्ये टाकून तुम्ही आंघोळीला जाता. खवले कोण काढतं? ओटा कोण धुतं? रविवारी सकाळी अकराला कुणाच्या तरी हातात दीड किलोचा तांबोशी द्यायचा, खवले उडणारा, आणि म्हणायचं, 'बघ काय आणलंय!' ही भेट नव्हे, काम आहे. इथून पुढे मासा साफ होऊनच घरात येईल: खवले, कल्ले, पोट, सगळं तिथेच नळावर. तुकडे तुम्ही करा, डोकं तुम्ही फोडा. कालवण तिच्या हातचं हवं असेल तर नारळ खवून, लसूण सोलून ठेवा. नाहीतर तळणी तुम्हीच करा. हळद, मीठ, तिखट, आगळ लावून तासभर ठेवायचं आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. रेवदंड्याच्या मुलाला एवढं यायला हवं.

चाऱ्यासाठी घरातला फ्रीजर बंद. थर्माकोलचा छोटा डबा घ्या, त्यात बर्फ, तो बाल्कनीत. खरं तर दोन-अडीच तासांच्या फेरीला ल्यूरवर, म्हणजे खोट्या चाऱ्यावर, भर द्या. ताजी कोळंबी शोधण्यात सकाळचा अर्धा तास जातो, आणि तो तुम्हाला परवडत नाही. जिताडा, तांबोशी दोन्ही ल्यूरला येतात. ओहोटीला खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, उघाडीतून (दारातून) पाणी बाहेर पडतं तिथे जिताडा टपून असतो, हे तुमच्या वडिलांनी दाखवलं असेल. आदल्या रात्री मुलं झोपल्यावर गाठी मारून ठेवा, रील बघून घ्या, कपडे काढून ठेवा. पहाटे पाचला कपाटं उघडून 'कात्री कुठंय' म्हणत दिवे लावणारा नवरा मासा न आणताच शिव्या खातो.

तुम्ही विचारलंय की जुना बारा फुटी रॉड विकावा का. विका. समुद्रावर लांब फेकायला तो चांगला, पण तुमच्या आयुष्याच्या या टप्प्याला तीन तुकड्यांचा सात फुटी पुरे. गाडीत राहतो, दारामागे उभा करावा लागत नाही. विकून आलेल्या पैशात घरी काय आणायचं ते तुम्हीच सांगू नका, विचारा.

मुलांना नेऊ का, असंही तुम्ही लिहिलंत. जरूर न्या, मुलीला आधी, मुलगा अजून लहान आहे. पण ती फेरी तुमच्या मासेमारीत धरू नका. मुलीला घेऊन गेलात की तुमच्या हातात रॉड नसतो. गुंता सोडवायचा, चारा लावायचा, पाणी पाजायचं, 'बाबा, केव्हा लागणार?' याला दर दोन मिनिटांनी उत्तर द्यायचं. सपाट जेटी निवडा, खडक नको. तिच्या हातात हातदोरी, बारीक गरी, अंगात लाइफ जॅकेट, डोक्याला टोपी. तासभर, फार तर दीड. कंटाळली की उठायचं, तुम्हाला लागत असो वा नसो. शिंगाळा मासा लागला तर तिला हात लावू देऊ नका. त्याचा काटा घुसला तर भयंकर ठणका लागतो. सोसेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे न्यायचं. तेवढा वेळ बायकोला घर शांत मिळेल. पण तो तिच्या गोलात मोजू नका. मुलीला फिरवून आणणं हा बायकोवर उपकार नाही.

पत्रात तुम्ही धरणाचं पाणीही काढलंत, रोहू-कटल्यासाठी. तिथे परवानगी लागते. बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. संस्थेला विचारा, पैसे असतील ते भरा, मग बसा. पण खरं सांगू? त्यात अख्खा दिवस जातो. रोहू लागेपर्यंत डोळे मिटतात. सध्या हा विषय बाजूला ठेवा. मुलं मोठी होऊ देत.

आईंचं 'बापाच्याच वळणावर' हे वाक्य तुम्हाला लागलंय असं दिसलं. लागू देऊ नका, पण ऐका. त्या काळात त्यांनी किती रात्री जेवण झाकून ठेवलं असेल, त्याचं ते गाठोडं आहे. सुनेची बाजू घेतात म्हणजे त्यांना मासा नकोय असं नाही. एकदा निवांत बसून विचारा, बाबा जायचे तेव्हा तुझं काय व्हायचं? तुमच्या बायकोसमोर विचारा. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

राहिली मित्रांबरोबर दिघीला गळ टाकायची रात्र. तुम्ही लिहिता, दरवर्षी तिघे जातात, तुम्हाला बोलावतात, तुम्ही मन मारता. वर्षातून एकदा जा. मन मारून बसलेला माणूस घरातही पूर्ण नसतो. दसरा ते दिवाळी हा काळ चांगला, पाणी निवळलेलं असतं आणि लग्नसराई सुरू व्हायची असते. सहामाही परीक्षेचा आठवडा टाळा. तारीख महिनाभर आधी घरी ठरवा, आणि तेवढीच एक रात्र किंवा एक दिवस बायकोच्या नावावर आधी होऊन जाऊ द्या, नंतरचा वायदा नको. चौघांतला एकजण रात्रभर न पिणारा आणि परतीला गाडी चालवणारा असेल, तो तुम्हीच, कारण दारू नाही असं तुम्हीच लिहिलंय. त्या रात्री आईंची साखर कोण तपासणार आणि पहाटे काही लागलं तर कुणाला उठवायचं, हे ठरल्याशिवाय मित्रांना होकार कळवू नका.